अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी वकील शोधताना: कोकणातल्या कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीपासून झारापपर्यंत कुठेही मोठा अपघात झाला, की जखमीला आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात आणि हाड वाईट मोडले असेल तर कोल्हापूर, मिरज, मुंबई किंवा गोव्यातल्या बांबोळीला हलवले जाते. आठ दिवसांत माणूस तीन रुग्णालये फिरतो आणि त्याचे कागद तिन्ही ठिकाणी विखुरतात. घरातली कर्ती माणसे पैशांच्या आणि रक्ताच्या मागे धावत असतात, वकिलाचा विचार कोणाच्या डोक्यात नसतो. नेमक्या याच वेळी रुग्णालयाच्या फाटकाजवळ कोणीतरी गोड बोलणारा गृहस्थ भेटतो, खांद्यावर हात ठेवतो आणि ‘आपले एक वकील आहेत, तुम्हाला एक पैसा द्यावा लागणार नाही’ असे सांगून दोन-चार कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन जातो.

माझे मामा मच्छिमार ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. हातखंब्याच्या पुढे त्यांच्या दुचाकीला टेंपोची धडक बसली आणि डावा गुडघा कायमचा गेला. त्यांचा दावा पहिल्या वकिलाकडे अडीच वर्षे पडून होता आणि दुसऱ्या वकिलाकडे गेल्यावर उभा राहिला. दोघांचेही कायद्याचे ज्ञान चांगले होते. फरक एवढाच होता, की पहिल्याने मामांना ‘किती टक्के अपंगत्व लिहून मिळाले?’ असे विचारले आणि दुसऱ्याने ‘तांडेल दिवसभर नेमके काय करतो, ते मला सांगा’ असे विचारले. वकील निवडताना काय पाहावे, हे मला त्या एका प्रश्नातून समजले. पुढचे सगळे लिखाण त्याच अनुभवावर उभे आहे.

वकिलाकडे जाण्यापूर्वी

अपघातानंतरचे पहिले काम उपचारांचे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्र सरकारची योजना मे २०२५ पासून लागू झाली आहे. नेमलेल्या रुग्णालयांत ती मिळते, म्हणून दाखल करतानाच तिची चौकशी करावी. दाखल करताना ‘रस्ता अपघात’ अशी नोंद झाली आहे ना, हेही पाहावे. घाबरलेला नातेवाईक किंवा ज्याच्या गाडीने धडक दिली तोच ‘पडून लागले’ असे सांगून मोकळा होतो, आणि पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासात तोच केसपेपर समोर धरतो.

त्यानंतर कागद. प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफ.आय.आर., घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र, प्रत्येक रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, रुग्णवाहिकेची पावती, धडक देणाऱ्या गाडीचे नोंदणीपत्र, विम्याची पॉलिसी आणि चालकाचा परवाना, एवढे कागद दाव्याचा पाया असतात. महाराष्ट्रात पोलीस अपघाताची माहिती एका ठरावीक नमुन्यात देतात, त्याला कोर्टात सगळे ‘ए.ए. फॉर्म’ म्हणून ओळखतात. गाडीच्या विम्याची मुदत शासनाच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते. धडक देणाऱ्या गाडीचा विमाच नसेल तर ही गोष्ट वकिलाला पहिल्याच दिवशी सांगावी, कारण ती गाडी पोलिसांच्या ताब्यातून सुटण्याआधी हालचाल करावी लागते.

इथे कोकणापुरती एक सूचना. औषधांच्या दुकानातली बिले आणि एस.टी.ची तिकिटे आता उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर येतात. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पत्र्याच्या पेटीत ठेवलेली ही बिले दिवाळीपर्यंत पांढरी फटक होतात. मामींनी जिवापाड जपलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वकिलांनी टेबलावर बिले पसरली, तेव्हा जवळजवळ निम्मी कोरी निघाली. मामी एकेक चिठ्ठी खिडकीतल्या उजेडात तिरकी धरून आकडा दिसतो का, ते पाहत राहिल्या. प्रत्येक बिलाची त्याच आठवड्यात झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि मूळ बिल झेरॉक्सला टाचून ठेवावे. पोरकट वाटते, पण औषधोपचाराच्या खर्चाची रक्कम बिलांवरच ठरते आणि कोऱ्या कागदाची बेरीज कोणी करत नाही.

मुदत सहा महिन्यांची आहे, हे आधी लक्षात घ्यावे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज करायला मधली बरीच वर्षे कालमर्यादा नव्हती. त्यामुळे ‘बरे झाल्यावर बघू’ ही सवय आपल्याकडे मुरलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मोकळीक संपली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करण्याची अट आली. या अटीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी त्या भरवशावर बसू नये. प्लास्टर उतरण्याची, दुसऱ्या शस्त्रक्रियेची किंवा अपंगत्वाच्या दाखल्याची वाट न पाहता अर्ज आधी दाखल करावा. दाखला आणि पुढची बिले नंतर जोडता येतात. ‘घाई काय आहे, फौजदारी केस संपू द्या’ असे सांगणाऱ्या वकिलाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे पडत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याची मोजपट्टी वेगळी असते.

२०२२ च्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला का, याची पोलीस ठाण्यात लेखी चौकशी अवश्य करावी, पण स्वतःचा अर्ज त्यावर अवलंबून ठेवू नये.

हा दावा कोणत्या दारी जातो?

रस्त्यावरच्या वाहनाने झालेल्या इजेचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे जातो. धडक देऊन पळालेल्या आणि शेवटपर्यंत न सापडलेल्या गाडीचे प्रकरण वेगळे: त्यात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेले आहेत आणि अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. एवढ्यासाठी कोणी वकील टक्केवारी मागत असेल तर सरळ तहसील कार्यालय गाठावे. कोकण रेल्वेच्या गाडीतून पडून झालेल्या इजेचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि ते काम करणारे वकील प्रायः मुंबईत असतात. कामावर असताना मालकाच्याच गाडीत अपघात झाला असेल तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा मार्गही खुला असतो. मात्र दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो, आणि कोणत्या मार्गाने अधिक मिळेल हे आकडे मांडून दाखवणे वकिलाचे काम आहे.

मोटार वाहन कायद्यातही दोन वाटा आहेत. कलम १६४ मध्ये समोरच्याची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली आहे: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. कलम १६६ मध्ये चूक सिद्ध करावी लागते आणि रकमेला वरची मर्यादा नसते. अपघातात आपल्या माणसाचीच चूक मोठी असेल तर पहिली वाट शहाणपणाची. पाय कायमचा गेलेल्या पस्तिशीतल्या माणसाला केवळ लवकर सुटका म्हणून अडीच लाखांची वाट दाखवणारा वकील मात्र स्वतःची सोय पाहत असतो.

रत्नागिरीचा वकील की मुंबईचा?

कोकणातल्या कुटुंबांना हा प्रश्न हमखास पडतो. जखमी चाकरमानी असतो, गणपतीला गावी येताना माणगावजवळ अपघात होतो, गाडी पुण्याची असते आणि विमा कंपनीचे कार्यालय मुंबईत असते. कायद्याने निवड अर्जदाराच्या हाती दिली आहे: अपघात जिथे झाला, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या प्राधिकरणात अर्ज करता येतो.

माझे मत असे, की जखमी माणूस पुढची दोन-तीन वर्षे जिथे राहणार आहे, तिथलेच प्राधिकरण निवडावे आणि त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील घ्यावा. मुंबईत राहून सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या कोर्टात दावा लावला तर प्रत्येक तारखेला एक रजा आणि एक रात्रीचा प्रवास खर्ची पडतो. उलट मालवणात घरी पडून असलेल्या माणसाचा दावा मुंबईला लावला, तर तो साक्षीला जाणार कसा आणि त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर तरी तिथवर कशाला येतील? पंच, पोलीस आणि प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार अपघाताच्या ठिकाणचे असतात, हीही बाजू तोलून पाहावी. अपघात कसा झाला याबद्दलच वाद असेल, तर त्या बाजूचे वजन वाढते.

‘सॉलिसिटर’ हा शब्द मुंबईच्या नातेवाइकांच्या तोंडी ऐकून काहींना वाटते, की मोठ्या दाव्याला सॉलिसिटरच हवा. ती मुंबई उच्च न्यायालयाच्या परंपरेतली पदवी आहे. अपघाताच्या दाव्यासाठी सनद असलेला कोणताही वकील चालतो आणि या कामाचा सराव असलेला वकील लागतो.

नावे कुठून मिळवावीत?

वकिलांना जाहिरात करण्याची आणि अशिलांना गाठून काम मागण्याची बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून जो स्वतः किंवा माणसे पाठवून रुग्णालयात येतो, त्याने पहिल्याच पावलाला नियम मोडलेला असतो. रुग्णालयातला कर्मचारी, रुग्णवाहिकेचा चालक किंवा पोलीस ठाण्यातले कोणी एकाच वकिलाचे नाव आग्रहाने सुचवत असेल, तर त्या आग्रहाची किंमत आपल्याच भरपाईतून जाणार आहे, असे समजावे.

भरवशाचा मार्ग जरा कष्टाचा आहे. ज्यांचे दावे गेल्या तीन-चार वर्षांत निकाली निघाले अशी दोन-तीन कुटुंबे शोधावीत. आपल्याकडे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत विचारत गेले तरी ती सापडतात. त्यांना ‘किती मिळाले?’ असे विचारण्यापेक्षा ‘वकील साक्षीच्या आधी तुमच्याबरोबर बसले होते का? पैसे थेट तुमच्या खात्यात आले का?’ असे विचारावे. कुडाळजवळच्या एका वृद्ध गृहस्थांना मी हेच विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘वकिलान सही घेतल्यान, फुडचा काय ता माका ठावक नाय.’ त्यांचा दावा चालू होऊन चार वर्षे झाली होती.

दुसरे साधन मोबाइलवर आहे आणि ते फार थोडे लोक वापरतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर जिल्हा व न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात. अपघाताचे दावे तिथे ‘एम.ए.सी.पी.’ या प्रकारात दिसतात. त्या वकिलाचे असे किती दावे चालू आहेत, किती निकाली निघाले, ते अर्जदाराच्या बाजूने उभे होते की विमा कंपनीच्या आणि किती अर्ज गैरहजेरीमुळे निकाली काढले गेले, हे अर्ध्या तासात कळते. निकालपत्र चढवलेले असेल तर ते उघडून त्यात डॉक्टरांची साक्ष झाली होती का, एवढे एक पाहावे.

तिसरा मार्ग विधी सेवेचा. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्ती, तसेच औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. पतीच्या मृत्यूनंतर दावा करणाऱ्या स्त्रीला हा हक्क आहे, हे अनेक घरांत माहीतच नसते. मोफतचा वकील लक्ष देत नाही, अशी एक सरसकट समजूत आहे. मला ती तितकीशी खरी वाटत नाही, पण पुढे दिलेल्या कसोट्या त्यांनाही लावाव्यात. त्यांची फी प्राधिकरण देते, अशिलाने वेगळे पैसे द्यायचे नसतात.

पहिली भेट

एकाच वकिलाला भेटून वकीलपत्र देऊ नये, किमान दोघांना भेटावे. बरोबर कागदांच्या झेरॉक्स न्याव्यात, मूळ प्रती घरीच ठेवाव्यात. जखमी माणूस हलू शकत असेल तर त्याला न्यावे, कारण तो जिना कसा चढतो हे वकिलाने डोळ्यांनी पाहणे उपयोगाचे असते.

पहिला प्रश्न विचारावा तो असा: ‘आपण कोणत्या विमा कंपनीच्या पॅनेलवर आहात का?’ जिल्ह्याच्या ठिकाणी अपघाताचे काम जाणणारे वकील मोजके असतात आणि त्यांतले काही विमा कंपन्यांकडून उभे राहतात. ज्या कंपनीविरुद्ध आपला दावा आहे, तिच्याच पॅनेलवर ते असतील तर विषय तिथेच संपला. पूर्वी पॅनेलवर असून आता बाहेर पडलेले वकील मात्र फार कामाचे, कारण समोरून कोणता आक्षेप येणार हे त्यांना पाठ असते. एस.टी.च्या अपघातात सामनेवाले म्हणून महामंडळच असते, तेव्हा तोच प्रश्न महामंडळाबद्दल विचारावा.

सनद क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. दावा स्वतः चालवणार की हाताखालचे वकील, डॉक्टरांना साक्षीला बोलावणार का आणि तो खर्च कोण करणार, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावे. भेटीतच ‘पंचवीस लाख कुठे गेले नाहीत’ असे छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा ‘पंचनाम्यात तुमची गाडी रस्त्याच्या मध्यभागी दाखवली आहे, हे अडचणीचे आहे’ असे सांगणारा वकील अधिक भरवशाचा. घाटातल्या वळणावरच्या अपघातात हा मुद्दा हटकून येतो. चांगला वकील पंचनाम्याचा कच्चा नकाशा उलगडून पाहतो, रस्त्याची रुंदी विचारतो, पाऊस होता का आणि दिवे लागले होते का, ते विचारतो. रिक्षातला प्रवासी जखमी झाला असेल आणि रिक्षा व समोरची गाडी या दोघांचीही चूक असेल, तर प्रवाशाला कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, हे त्याने आपणहून सांगायला हवे.

कमाई आणि अपंगत्व: वकिलाची खरी परीक्षा

भरपाईचा हिशोब सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत बांधून दिला आहे. वार्षिक कमाईत भविष्यातल्या वाढीची टक्केवारी मिळवायची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्यांसाठी ही वाढ ४० वर्षांखाली ४० टक्के, ४० ते ५० वर्षांत २५ टक्के आणि ५० ते ६० वर्षांत १० टक्के धरतात. गुणक ३६ ते ४० वयासाठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३ असा उतरत जातो. जखमी माणसाच्या बाबतीत आलेल्या आकड्यातून कमाईची क्षमता जितकी गेली तितका हिस्सा काढतात.

एक उदाहरण मांडतो. तांडेलाचे वय ४४, महिन्याची कमाई १८ हजार. वर्षाचे २ लाख १६ हजार, त्यात २५ टक्के वाढ धरून २ लाख ७० हजार, गुणिले १४, म्हणजे ३७ लाख ८० हजार. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर गुडघ्याचे अपंगत्व २८ टक्के लिहिले आहे आणि वकिलाने तोच आकडा पुढे केला, तर या सदराखाली १० लाख ५८ हजार ४०० रुपये होतात. पण तांडेलाला हलत्या बोटीवर तासन्‌तास उभे राहायचे असते, लाटेच्या तालावर गुडघ्यात वाकून तोल सांभाळायचा असतो, जाळे ओढायला खलाशांबरोबर हात लावायचा असतो. तो धंदा त्याला आता करताच येणार नाही आणि किनाऱ्यावर बसून जाळी विणण्यात पूर्वीच्या निम्मीही कमाई नाही. हे सिद्ध झाले आणि कमाईची हानी ६० टक्के धरली गेली, तर तीच रक्कम २२ लाख ६८ हजार होते. गुडघा तोच आणि दाखलाही तोच. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद सांगितला आहे: शरीराचे अपंगत्व किती, हे डॉक्टर सांगतात. त्यामुळे कमाई किती बुडाली, हे प्राधिकरणाने माणसाचा धंदा पाहून ठरवायचे असते. पण ते ठरवण्यासाठी डॉक्टर साक्षीच्या पिंजऱ्यात यावे लागतात आणि धंद्याचे वर्णन शपथपत्रात यावे लागते. नुसता दाखला जोडून मोकळे होणारे वकील इथेच अशिलाचे लाखो रुपये घालवतात.

कमाईचा पुरावा हे कोकणातले दुसरे दुखणे. आपल्याकडे पगाराची चिठ्ठी थोड्यांकडे असते. बोटीवर वाटणी चालते, जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते आणि विमा कंपनीचे वकील ‘मग कमाई दहाच महिन्यांची धरा’ म्हणून अडून बसतात. अशा वेळी बोटमालकाच्या वहीची नक्कल, मच्छिमार सोसायटीचा दाखला, बँकेत भरलेल्या रकमा आणि बंदीच्या काळात जाळीदुरुस्तीचे किंवा शेतीचे काम केल्याचा पुरावा उभा करावा लागतो. आंबा बागायतदाराच्या बाबतीत वाशीच्या बाजारातून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, सातबारा आणि फवारणीच्या औषधांची बिले लागतात. खेड, दापोली, चिपळूणकडची आखातात काम करणारी मंडळी सुट्टीत गावी आलेली असताना जखमी झाली, तर नोकरीचा करार आणि घरी पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी महत्त्वाच्या. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही उत्पन्नाचे मोल धरायचे असते, हे २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालाने स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘बाई घरीच असतात, त्यांचे काय धरणार?’ असे म्हणणाऱ्या वकिलाला नमस्कार करून बाहेर पडावे. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कमी होत नाही, हेही जाता जाता नोंदवतो, कारण ते पैसे लपवण्याचा सल्ला अजून दिला जातो आणि त्याने नसती अडचण ओढवते.

फी आणि टक्केवारी

‘आधी काही देऊ नका, निकालानंतर वीस टक्के द्या’ हा सर्वत्र ऐकू येणारा प्रस्ताव बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणे वकिलाला मना आहे. व्यवहारात ही पद्धत चालते, हे मी नाकारत नाही, आणि हातात पैसा नसलेल्या घराला ती सोयीची वाटते, हेही खरे. पण वाटा ठरला, की वकिलाचे हित लवकर तडजोड होण्यात गुंतते. ठरावीक रक्कम हप्त्यांत ठरवावी: अर्ज दाखल करताना काही, पुरावा सुरू होताना काही, युक्तिवादाच्या वेळी उरलेली. अर्जाचा शिक्का, टंकलेखन, नकला आणि डॉक्टरांचा साक्षीचा भत्ता यांचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा, ते लिहून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. पैसे मुळीच नसतील तर टक्केवारीपेक्षा विधी सेवेचा मार्ग बरा.

सही फक्त भरलेल्या वकीलपत्रावर करावी. कोरा कागद, कोरा चेक, पासबुक किंवा ए.टी.एम. कार्ड कोणाच्याही हवाली करू नये.

दावा दाखल झाल्यावर

अर्ज दाखल होताच त्याचा क्रमांक आणि सी.एन.आर. क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ई-कोर्ट्सवरचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्यावा, म्हणजे पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झाले हे ई-कोर्ट्सवर घरबसल्या दिसते. सलग तीन-चार तारखांना ‘अर्जदाराच्या पुराव्यासाठी’ अशीच नोंद दिसली, तर वकिलांना भेटून कारण विचारावे. मामांच्या पहिल्या दाव्यात अशा अकरा तारखा झाल्या होत्या आणि आम्हाला दर वेळी ‘कोर्टाला वेळ नाही’ एवढेच सांगितले जात होते.

राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली की तडजोडीचा विषय निघतो. तडजोड वाईट नसते. किरकोळ दुखापतीत आणि पुरावा कच्चा असेल तिथे ती चांगलीच. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे वर दाखवलेला हिशोब वकिलांकडून कागदावर मांडून घ्यावा, देऊ केलेली रक्कम त्याच्या शेजारी लिहावी आणि मगच उत्तर द्यावे. अपंगत्वाचा दाखला हाती येण्याआधी तडजोड करू नये.

वकील बदलण्याचा हक्क अशिलाला असतो. आधीच्या वकिलांकडून ना हरकत घ्यावी. ती देत नसतील तर प्राधिकरणाच्या परवानगीने नवे वकीलपत्र दाखल करता येते. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरवले आहे. आम्ही कागद मागायला गेलो तेव्हा तीन खेपा रिकाम्या झाल्या. चौथ्या खेपेला लेखी अर्ज दिला आणि फाईल मिळाली. गंभीर गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिच्या निकालाची वाट पाहत दावा थांबवू नये.

निकालानंतर रक्कम अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होईल, अशीच मागणी करावी. काही रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो, तो घराच्या हिताचाच असतो. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच. तेव्हा अपिलासाठी कोल्हापुरात काम करणारा वकील पाहावा लागेल आणि त्याला पहिल्या भेटीतच निकालाची प्रमाणित प्रत लागेल. म्हणून निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्यापूर्वी नकलेचा अर्ज देऊन पोच घ्यावी.